कच्चं चित्र

हेदवीच्या यमुनाकाकींनी रत्नागिरीच्या चित्रकार समीक्षाला नवरा-बायकोच्या जोडीचं चित्र काढायला सांगितलं होतं. काकींचे यजमान बोटीवर खलाशी होते. चाळीस वर्षांपूर्वी गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचा तरुणपणचा एकच फोटो होता. रंग भरण्याआधी समीक्षाने पेन्सिलीचं कच्चं चित्र मोबाइलवर पाठवलं. काकींचा लगेच फोन आला.

"हे अगदी हुबेहूब आलेत. पण शेजारी ही कोण गो?"

"तुम्हीच, काकी. तेव्हाच्या, अंदाजाने काढलेल्या."

"ती नको. मला आत्ताची काढ. केस पांढरे कर, सुरकुत्या सगळ्या घाल."

"काकी, जोडा विजोड दिसेल."

"दिसू दे. तेव्हाची मी ह्यांनी बघितलेली आहे. त्यानंतरची कुणी बघितलीच नाही."