विहिरीतले मोर

शहरातून चित्रं काढायला आलेल्या रोहिणीमॅडमचा रोबो विहिरीत उतरला तेव्हा वच्छलाबाई सगळ्यांसाठी चहा गाळत होती.

सुंदर गाव स्पर्धेसाठी बंद विहिरीत आतून मोर रंगवायचे होते. आत विषारी वायू, माणूस उतरणार नाही. म्हणून लोखंडी झाकणाला भोक पाडून हे पालीसारखं भिंतीला चिकटणारं यंत्र सोडलेलं. मोर बघणार कोण, असं कुणी विचारलं नाही. मोबाइलवर दिसणार होते.

"इहीर झपाटलेली हाय मॅडम," सरपंच अर्जुनराव कौतुकानं म्हणाले. "झाकण बसवलं आन आतून ठोकल्याचा आवाज याया लागला. नारळ फोडला, लिंबू वाहिलं. चार दिसांत भूत गप."

"कधी बसवलं झाकण?"

"नऊ वर्सं झाली. टोळ्या ऊसतोडीला गेल्या त्याच सकाळी. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं, की क्रेनवाल्याला हातवारे करावे लागले."

त्याच सकाळी वच्छलाबाईचा नवरा गोरख गेला. ती बाळंतपणाला माहेरी, उमापूरला होती. 'थोडं काम राहिलंय, उजाडता उरकून निघतो,' एवढं तो आदल्या संध्याकाळी फोनवर बोललेला. या टोळीला वाटलं तो त्या टोळीत, त्या टोळीला वाटलं या. पाडव्याला सगळे परतले, तो नाही. कर्नाटकात दुसरी केली, असं गावानं ठरवलं. गावात एकमतानं झालेला तेवढा एकच ठराव.

तरी ती रोज कुंकू लावायची. लेकीला सांगायची, बाप येईल.

"आजून वाट बघती व्हय गं?" अर्जुनराव हसले. "झाकायच्या आदी इहिरीला आतनं चुना त्यानंच लावलता. मग तुला लावून गेला!"

बंद करायच्या विहिरीला चुना कशाला? तर मंजूर झाला होता म्हणून.

"येतील ओ आबा," तिनं कप पुढं केला. "कोयत्यानं डावी करंगळी तुटली, तवाबी पायी घरी आलते. येतील."

रोबो विहिरीतल्या पायऱ्या चढून झाकणाखाली आला. कॅमेरा झाकणाकडे वळला.

"थांबा," रोहिणी म्हणाली. "झाकणाला आतून आधीच चित्र आहे. गंजावर पांढरे हात. किती सुंदर!"

"पुरातन असंल," अर्जुनराव म्हणाले. "लिहून घ्या, मार्क वाढतील."

वच्छलाबाई मॅडमच्या मोबाइलच्या पडद्याशी वाकली. चुन्यानं माखलेल्या हातांचे ठसे, एकावर एक. उजव्याला पाच बोटं. डाव्याला चार.

तिनं गाळणी खाली ठेवली आणि पदरानं कुंकू पुसलं.