गाळातली मरळ

ताट समोर आलं तसं उदयसिंह साहेबांनी आधी दाराकडं बघितलं. दारात सगळा भोईवाडा दाटीवाटीनं उभा होता आणि एकाच्याही तोंडावर पाहुणचार नव्हता.

साहेब सरकारी. नदीच्या पाण्याचा आणि तळातल्या गाळाचा अहवाल त्यांनीच लिहिलेला. पाणी बरं, गाळ बरा, मासे खुशाल जगतील. मंगळवारी सुनावणी होती. तिथं हा अहवाल टिकला की शहराचा मैला घेऊन येणारा नाला कायमचा पंचगंगेत सुटत राहणार, आणि शिरोळकडच्या या गावातल्या भोयांनी जाळी गुंडाळून ऊसतोडीला जायचं.

आज पुन्हा एकदा पाहणी केल्याचं दाखवायला साहेब आले आणि गावानं गाडी अडवून चारी चाकांची हवा सोडली. आपल्याकडं असा साहेब घावला की त्याला नदीचंच पाणी पाजायची रीत. साहेबांनाही ते ठाऊक होतं, म्हणून घरनंच पोटाची गोळी खाऊन निघाले होते. पण ज्या घरात त्यांना बसवलं, तिथल्या शालूबाईनं तांब्या पुढं केलाच नाही. जेवल्याबिगर जायचं न्हाय, एवढंच म्हणाली. नवऱ्यामागं तिनं एकटीनं नाव वल्हवली होती. तिच्या शब्दापुढं गावात कोण जात नसे, साहेब कुठले जाणार?

तांबड्या रश्श्यात माशाचे जाड तुकडे होते. डोकं नाही, शेपूट नाही. शालूबाईचा मुलगा पिराजी भिंतीला टेकून उभा होता. सकाळपासनं कुठं होतास म्हणून कुणी विचारलं, तर "माशाला गेलतो" म्हणाला. पँट इस्त्रीची, पायाला चिखलाचा ठिपका नाही. त्याच्या मागं खुंटीवर जाळी टांगलेली, त्यांना कोळिष्टकं लागलेली. घर सोडून गेलेलं मांजर आज परत आलं होतं आणि शालूबाईच्या पायात घोटाळत होतं.

साहेबांनी एक तुकडा बोटानं उलटून बघितला. नदीचा गाळ त्यांनी स्वतः उपसून बघितला होता. काळा, बुळबुळीत, कुजक्या अंड्याच्या वासाचा. त्यात तांबड्या अळ्यांशिवाय जिवंत असं काही निघालं नव्हतं. अहवालात ते आलं नाही. वरनं तसं सांगणं होतं, आणि साहेबांना कोल्हापुरातनं बदली नको होती.

"मरळ ना, मावशी?" त्यांनी विचारलं.

"खावा की," शालूबाई म्हणाली.

तिची सून अनुजा मोबाईल धरून समोर उभी राहिली. तेव्हा साहेबांना सगळा डाव कळला. ताट सरकवलं तर मंगळवारी हीच चित्रफीत दाखवणार. ज्यानं नदी चांगली म्हणून लिहिलं, त्यालाच नदीचा मासा गिळवत न्हाय! त्यांना असा संताप आला की विचारू नका. ही माणसं मला शिकवणार?

त्यांनी बाह्या वर सारल्या. पहिला घास उतरताना डोळ्यांत पाणी आलं, ते लोकांनी तिखटाचं धरलं. दुसरा घास, तिसरा. शालूबाईनं न विचारता आणखी एक तुकडा वाढला. साहेबांनी तोही काटा चोखून संपवला.

मग त्यांना चेव आला. ते मोबाईलकडं वळून बसले.

"नीट घे. ही मरळ. माझं लहानपण नदीकाठी गेलंय, मला चव कळते. मरळ गाळात राहणारा मासा. गाळात विष असतं तर ही जगली असती का? मी जे लिहिलंय, तेच आत्ता तुमच्यासमोर खाल्लं."

दारातला एक गडी शिवी हासडत पुढं घुसला. पिराजीनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं रेटलं. म्हातारीला अवदसा आठवली, साहेबाच्या हातात आयतं कोलीत दिलं, असं बायका आपसात बोलायला लागल्या. शालूबाईनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"मंगळवारी हेच सांगणार न्हवं?"

"शपथेवर सांगीन."

तिनं अनुजाकडं बघितलं. सगळं नीट आलंय, अशी अनुजानं मान हलवली आणि मोबाईल बंद केला.

शालूबाईनं साहेबांच्या हातावर पाणी घातलं, पुसायला टॉवेल दिला आणि पिराजीला खूण केली. त्यानं कॉटखालनं थर्माकोलची पेटी ओढून साहेबांच्या पुढ्यात ठेवली. तळाला थोडा बर्फ अजून शिल्लक होता.

"रत्नागिरीच्या गाडीतनं आणलेली सुरमई हाय ती, साहेब," शालूबाई म्हणाली. "आमच्या नदीत मासा घावून दोन वर्सं झाली."