फीडचं बटण

भीमराजने आपल्या कारागिराचा, नेमसिंगचा, हात मशीनच्या बटणावरच धरला. बटण कासवाच्या चित्राकडे होतं.

"सापडला का न्हाई? काहून फिरवून राहिला?"

पुढ्यात विहाराचं सागवानी दार होतं आणि त्यावरच्या कमळाच्या पाकळ्या कडेने करपल्या होत्या. याआधीची दोन दारं अशीच वाया गेली होती. हेही बिघडलं तर विहारवाले काम काढून घेणार होते, आणि वारंगा फाट्यावर कॉम्प्युटरने लाकूड कोरणारा पहिला माणूस म्हणून मिरवणाऱ्या भीमराजचं नाक कापलं जाणार होतं.

मशीनचं गणित तसं सरळ होतं. स्पिंडल गरगर फिरतं, त्याच वेगाला शोभेल असं त्याच्या टोकाचं बिट, म्हणजे कोरणारं पातं, पुढं सरकलं पाहिजे. त्या सरकण्याला फीड म्हणतात. ते बटणाने ससा-कासवाच्या मधे कुठंही ठेवता येतं. फीड बराबर असलं की ढलप्या उडतात. ते मंदावलं की बिट एकाच जागी घासत राहतं आणि लाकूड जळतं. इथं पंधरवड्यापासून रोज दुपारी, नेमसिंग जेवायला गेला की, लाकूड जळत होतं. जाता-जाता तोच बटण फिरवत असणार, असं भीमराजने धरलं होतं.

त्यात कनेरगाव नाक्यावरचा लाकूडकामाचा नवा कारखानदार नेमसिंगसोबत ढाब्यावर बसलेला दिसला. झालं! संशयाचं भूत भीमराजच्या मानगुटीवर बसलं. नेमसिंगने शीळ घातली तरी त्याला त्यात इशारा ऐकू येई.

"नाक्यावाल्यानं शिकवलं ना हे?"

नेमसिंगने एकदा घराकडे उघडणाऱ्या मागच्या दाराकडे पाहिलं. मग खुंटीवरचा शर्ट काढला.

"भरोसाच न्हाई, तर राहू द्या भाऊ."

तो गेला. भीमराजला हायसं वाटलं. बटण बराबर करून त्याने मशीन चालू केलं आणि नवं बिट आणायला आत गेला. तेवढ्यात मशीनचा आवाज मंदावला.

तो धावत बाहेर आला. मशीनपाशी त्याची आई, अनुसयाबाई, उभी होती. एका हातात घमेलं, दुसरा बटणावर.

"आई! हे काय करून राहिली?"

"वरडू नको बाबा. ढलप्या शेगडीत ठासून बसत न्हाईत, बारीक भुसा लागतो. हळू चालवलं की मैद्यावानी पडतो. घमेलंभर झाला की जाते."

भीमराजने तिच्या हाताखालच्या बटणाकडे पाहिलं.

"अन् मंग बटण?"

"ते नेमसिंग करतं ना रोज बराबर, जेवून आलं की. मीच म्हणलं त्याला, भीमाला सांगू नको. आज कुठं गेलं ते पोरगं?"