मूठभर मीठ-मिरच्या

बयाबाई मूठ मिटून दारात उभी राहिली, तेव्हा मिस एडिथची पेटी भरून झाली होती. फक्त झाकण बसत नव्हतं, म्हणून ती पेटीवर बसली होती.

बयाबाईच्या मुठीतून लाल मिरचीचं देठ डोकावत होतं. मिसने ते पाहिलं आणि पेटीची कडी घट्ट धरली.

सगळं सुरू झालं बुधवारी. शाळेतून परतताना तिला बयाबाईची आठ महिन्यांची नात, इंदू, ओट्यावर खेळताना दिसली. मिसने तिचा गाल धरला आणि वहीतून पाठ केलेलं मराठी वाक्य म्हटलं, "किती सुंदर बाळ आहे!" शालूबाईने, म्हणजे बाळाच्या आईने, लेकीला चटकन पदराखाली घेतलं. त्याच संध्याकाळी इंदूला ताप भरला.

गुरुवारी शाळेतल्या सीताराम शिपायाने तिला बाजूला घेतलं.

"मडम, लेकराचं असं तोंडावर कौतिक करू न्हाई. नजर लागती. आन तुमचं डोळं तर..."

"डोळे काय?"

"निळं हायेत न्हवं. मान्सं भित्यात. माज्या आत्याच्या गावात एका बाईला ह्याच्यापायी शिवंच्या भाईर काढली हुती."

एवढं सांगून तो घंटा द्यायला गेला. सीताराम माणूस वाईट नव्हता. त्याला गोष्ट अर्ध्यावर सोडायची सवय होती, एवढंच.

शुक्रवारी बयाबाईचं दार लागलेलं होतं. भाजे गावात दिवसाढवळ्या लागलेलं दार मिसने सात महिन्यांत पाहिलं नव्हतं.

सात महिने. विलायतेहून ती दोन वर्षांच्या करारावर आली होती, मळवली स्टेशनजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायला. बयाबाईच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत राहायची. सकाळी बांधाबांधाने शाळेला निघाली, की नथू औत थांबवून बघायचा. पाणवठ्यावर भामाबाई आणि विठाबाई हंडा घासायच्या थांबायच्या. ती भात कालवते कसा, हे बघायला पोरं खिडकीला लटकायची. मोजे वाळत घातले तरी चार माणसं गोळा व्हायची. कुणी वाईट बोलायचं नाही. नुसतं बघायचं. तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मनगटावरचं घड्याळ हल्ली कोपरापर्यंत घसरायचं. कंबरपट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडावी लागली होती. घरी आईला ती लिहायची, इथली हवा छान आहे.

आणि तरी तिला जायचं नव्हतं. पाचवीतल्या मुली आता कुठे मान वर करून आपलं नाव इंग्रजीत सांगू लागल्या होत्या. पण गावाने काढण्याआधी आपणच गेलेलं बरं. उद्या सकाळची गाडी. हेडमास्तरांची चिठ्ठी उशीखाली तयार होती.

"उठ त्या पेटीवरनं," बयाबाई म्हणाली. तिने पाट मांडला. "हितं बस. उगवतीला त्वांड कर."

मागून शालूबाई निखाऱ्यांचं घमेलं घेऊन आली. तिच्या कडेवर इंदू होती.

मिस पाटावर बसली. तिने रात्रभर जुळवलेली वाक्यं एका दमात म्हटली, "मी वाईट बघितलं नाही. मला माफ करा. मी उद्या जाते."

"गप ऱ्हा. मधी बोलू न्हाई."

मूठ तिच्या डोक्यावरून पायापर्यंत फिरू लागली. मिसने डोळे मिटले. आता आपलं नाव येणार.

"आल्याची, गेल्याची," बयाबाई पुटपुटली. "औतावरच्या नथूची. पान्यावरच्या भामाची, इठाची. शाळंतल्या पोरासोरांची. त्या चोंबड्या सीतारामची. ह्या माज्या शालूची. आन माजी बी. समद्यांची नजर जळून जाऊ दे."

मिसने डोळे उघडले. सगळी नावं तिच्या ओळखीची होती. तिचं एकटीचं त्यात नव्हतं.

"पण इंदू?" तिने विचारलं.

"तिला दात येत्यात. दोन दिस रडली. काल कुटं डोळा लागला, म्हून दार लावलं." बयाबाईने तिचं मनगट धरलं. घड्याळ खुळखुळलं. "एका पोरीवर समदं गाव सात म्हैनं डोळं लावून बसल्यावर काय व्हनार दुसरं? निसती हाडं ऱ्हायली की गं तुजी. आमाला बी कळाया पायजे हुतं."

मिसने मान वळवून पेटीकडे पाहिलं.

"आता ह्ये इस्तवात टाकते. ठसका लागला, तर नजर न्हवती. न्हाई लागला, तर लय मोठी हुती आन समदी गेली. मग पेटी मोकळी कर. भाकऱ्या थापल्यात."

तिने मूठ निखाऱ्यांवर उघडली. मोहरी तडतडली, मीठ तडकलं, मिरच्या काळ्या पडल्या. खोलीत धूर कोंडला. शालूबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून इंदूला घेऊन बाहेर पळाली. बयाबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या, मान थरथरली, पण ओठ गच्च मिटलेले.

मिसच्या घशात आग उसळली. तिने बयाबाईच्या त्या ओठांकडे पाहिलं आणि आपला खोकला गिळून टाकला.