पिसांचा नाग

नागाच्या शेपटीजवळची रेघ आज पुन्हा वाकडी गेली होती. बाईंनी चष्मा पुसला, टाक शाईत बुडवला आणि एकदा दाराकडे पाहून घेतलं. चित्रकार तीनच्या ठोक्याला फिरायला बाहेर पडले होते. पाचाच्या आत ते काही परतायचे नाहीत.

शाईची रेघ खोडता येत नाही. पात्याने खरवडावी तर कागदाचा पापुद्रा निघतो आणि चोरी उघडी पडते. म्हणून बाईंनी शक्कल लढवली होती. नवऱ्याचा हात जिथे थरथरला, तिथे एक पीस काढायचं. नागाच्या अंगावर पिसं होतीच. चार जास्त झाली तर मोजायला कोण बसतंय? महिन्याभरात नाग चांगला गुबगुबीत झाला होता.

मेक्सिकोतल्या प्राचीन ॲझ्टेक लोकांच्या पुराणकथांचं पुस्तक निघणार होतं, त्याचं हे मुखपृष्ठ. पिसांचा नागदेव पाताळात उतरतो, मेलेल्यांची हाडं उचलून निघतो, वाटेत धडपडतो आणि हाडं मोडतात. त्या तुकड्यांतूनच पुढे नवी माणसं घडतात.

"लहानमोठे तुकडे, म्हणून माणसंही लहानमोठी," चित्रकारांनी पहिल्याच दिवशी गोष्ट सांगून टाकली होती. "तुझ्या वाट्याला करंगळीचं हाड आलेलं दिसतंय."

"आणि तुमच्या वाट्याला जिभेचं."

"अगं, जिभेला हाड नसतं."

"तेच म्हणतेय मी."

चित्रकलेच्या कॉलेजात बाई पहिल्या आल्या होत्या, चित्रकार दुसरे. मग लग्न झालं, मुलगी झाली. घरात टेबल एकच होतं आणि ते कुणाचं, हे कुणी न बोलताच ठरलं. बाईंनी टाक खाली ठेवला तो ठेवलाच. त्याचं रडगाणं गाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

पण यंदा नवऱ्याच्या हातातली कपबशी वाजायला लागली. "हात गेला की मी संपलो गं," असं ते एकदाच म्हणाले. दुरुस्ती करणारं कुणी आहे हे कळलं, तर हा माणूस पुन्हा टाकाला शिवणार नाही, हे त्या जाणून होत्या. चाळीस वर्षं ओळखत होत्या त्याला.

नशीब, त्यांच्या काही म्हणता काही लक्षात येत नव्हतं. संध्याकाळी ते चित्रासमोर उभे राहायचे, छाती काढायचे. "बघ, म्हाताऱ्याच्या बोटांत अजून जादू आहे!"

"आहेच मुळी," बाई म्हणायच्या आणि हसू दाबत चहा टाकायला वळायच्या. हा बावळट माणूस त्यांना फार आवडायचा. आणि खरं सांगायचं तर, हल्ली जेवण उरकलं की तीन कधी वाजतात याकडे त्यांचे डोळे लागलेले असायचे.

शेवटचं पीस संपलं तेव्हा साडेचार झाले होते. तेवढ्यात बेल वाजली. दारात प्रकाशनाची संपादिका उभी होती.

"इकडूनच चालले होते, म्हटलं चित्र झालं असेल तर घेऊनच जावं."

बाईंनी शाईचं बोट मुठीत लपवलं आणि तिला आत घेतलं. संपादिका टेबलावर वाकली. शेपटीपासून फण्यापर्यंत एकेक पीस न्याहाळत गेली.

"एकेक पीस जिवंत आहे हो," ती अखेर म्हणाली.

"हात आहे त्यांचा तसा," बाई घाईघाईने म्हणाल्या. "फक्त सही राहिलीय. पाचला येतील ते, मग करतील."

संपादिकेने चित्रावरून मान वर केली.

"त्यांची सही कशाला? मुखपृष्ठ तुम्ही करताय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून दिलंय. ते आतली चित्रं काढतात ना, रोज तीन ते पाच, आमच्या ऑफिसात बसून. आणि या वयात काय हात आहे हो, रेघ म्हणून हलत नाही!"