पूल बुडायच्या आत

सकाळी नऊ चाळीसला वादळ वळलं.

कालपासून ते उत्तरेकडच्या ओसाड किनाऱ्याच्या दिशेनं सरकत होतं. हवामान कार्यालयात अंदाज लिहिणाऱ्या तिनं उपग्रहाचं नवं चित्र उघडलं, आधीच्या चित्राशी ताडून पाहिलं. वादळाचं तोंड आता मच्छीमारांच्या वस्तीकडे होतं. वाळूची चिंचोळी पट्टी, तीनशे चाळीस माणसं, आणि बाहेर पडायला एकच ठेंगणा पूल. दोनला भरती. भरतीला वादळाचा रेटा मिळाला की पूल पाण्याखाली.

"नुसता इशारा सोडून भागणार नाही, साहेब," ती म्हणाली. "त्या वस्तीत माझं कोणी ऐकत नाही."

साहेबांना ते ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं रेडिओवर ठणकावून सांगितलं होतं, वादळ वस्तीवर धडकणारच. वस्ती रिकामी झाली. वादळ आलंच नाही. तीन दिवसांची मासळी मात्र बर्फावाचून सडली. आठवड्याभरानं त्याच मासळीची एक टोपली कार्यालयाच्या दारात आली. वर चिठ्ठी होती, 'तुमच्या वादळात वाहून आलं.' तेव्हापासून वस्तीत तिचं नाव पडलं वादळबाई. कोणी थाप मारली की लोक विचारत, "वादळबाईनं सांगितलं का रे?"

"तीनला पुढचं चित्र येईल," साहेब म्हणाले. "मग खात्रीनं सांगता येईल."

"तीनला पूल नसेल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग आत्ताच सांगून टाक, धडकणारच म्हणून. घाबरवल्याशिवाय हलायची नाहीत ती माणसं."

तिनं फोन उचलला. वस्तीत एकाच बाईचा शब्द चालायचा, मासळी बाजारात लिलाव पुकारणाऱ्या मावशींचा. ती टोपलीही त्यांनीच पाठवली होती.

"मावशी, हवामान कार्यालयातून बोलतेय."

"कोण, वादळबाई? बोल. या खेपेला किती दिवसांची मासळी सडवायची?"

'धडकणारच' हा शब्द अगदी ओठांवर होता. साहेब समोर उभे होते. तिनं तो गिळला.

"मावशी, मागच्या वेळी मी चुकले. खात्री नव्हती, तरी खात्रीनं बोलले. आज जेवढं कळतंय तेवढंच सांगते. असं वादळ दहादा आलं, तर चारदा तुमच्यावर येईल. सहादा येणार नाही. पण आलं, तर छपरांवरून पाणी जाईल, आणि दोननंतर पळायला पूल नसेल. याहून जास्त मला कळत नाही."

पलीकडे वारा आणि लिलावाचा गलका. मग फोन ठेवल्याचा आवाज.

"घालवलंस," साहेब म्हणाले. "चार म्हटल्यावर कोण हलतंय?"

पुलाच्या अलीकडे टेकाडावर शाळा होती. तिनं तिथल्या शिपायाला फोन करून सगळे वर्ग उघडून ठेवायला लावले. मग मावशींना पुन्हा फोन लावला. कोणी उचलला नाही. अकरा वाजायच्या आतच वाऱ्यानं तारा तुटल्या आणि शाळेचाही फोन लागेनासा झाला. दोनचा ठोका पडला तेव्हा ती घड्याळाकडे पाठ करून बसली होती.

तीनच्या चित्रात वादळ डळमळलेलं दिसलं. चारला ते पुन्हा खोल समुद्राकडे वळलं. पाचला विरायला लागलं. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा मागवला. ती चहासाठी थांबली नाही. कार्यालयाची जीप घेऊन निघाली. वाटभर तिच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. शाळा रिकामी असेल, तर आपला शब्द दोन वर्षांपूर्वीच गेला होता. भरलेली असेल, तर आज जाईल.

शाळा भरलेली होती. व्हरांड्यात बोटींची इंजिनं ओळीनं लावून ठेवली होती. जोडलेल्या बाकांवर लेकरं झोपली होती. आतून भांडणाचा आवाज येत होता. मावशी हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभ्या होत्या आणि दहा-बारा जण एकदम बोलत होते. तिला दारात पाहून सगळे वळले.

"मावशी," ती म्हणाली, "वादळ आलं नाही. पुन्हा तुमचा दिवस फुकट…"

"दिसतंय की. आम्हाला काय डोळे नाहीत?"

"तुम्ही रागावला नाहीत?"

"मागच्या वेळी रागावले होते. जबरदस्तीनं अंगठा उमटवून घ्यावा तसं बोलली होतीस." मावशींनी बाजूच्या बाकावरची जाळी सरकवून तिला जागा करून दिली. "अगं, दहातून चारदा बुडेल म्हटलं, तर होडी कोण पाण्यात घालतं? मग लेकरं तरी कशी ठेवायची तिथं? फोन ठेवला आणि भोंग्यावर तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. कोणाला हाताला धरून ओढावं लागलं नाही."

ती बाकावर टेकली. फळ्यावर वस्ती, पूल आणि शाळा काढलेली होती. पुलाच्या मधोमध मावशींनी खडूनं मोठी फुली मारली.

"आता इकडं बघ आणि चुकलं तर सांग. इथं सगळ्यांनी हातगाड्या एकदम घातल्या आणि पाऊण तास अडकलो. अडीच तास लागले आज. पुढच्या वेळी म्हातारी माणसं आधी, गाड्या शेवटी. तू फक्त फोन कर, दीड तासात निघतो की नाही बघ."