उकंडकाकांच्या बीएमएक्सचे ब्रेक

ब्रेकचे रबर चार, तारा दोन, लिव्हर दोन. आणि १९९१ सालच्या त्या बीएमएक्स सायकलला थांबवू शकेल असं यातलं एकही नाही. मला ती फार हवी होती. उकंडकाकांनी अट घातली, "दसऱ्याले मी सोता उतारावून आनतो. फाटकाच्या अल्याड थांबली त तुही, नायी त भंगारवाल्याची."

मी रबर आणि तारा बदलल्या. गुळगुळीत क्रोमच्या रिमा सँडपेपरने घासून खरखरीत केल्या. ब्रेक दाबायची जागा चुन्याने आखली. तिथून फाटक बारा मीटरवर होतं. दहा चाचण्यांत थांबण्याचं सरासरी अंतर आलं तीन मीटर दहा सेंटिमीटर.

दसऱ्याला पूजा झाली, हँडलला झेंडूचा हार चढला आणि काका उतारावरून निघाले. अंजनाकाकू माझ्या कानाशी आली.

"घाबरू नको माय पल्लवी. तूच जिंकली पायजे म्हून म्या सकायीच दोन्ही रिमा खोबरेल लावून चकचकीत केल्या. पूजेच्या गाडीले असं खरबडीत ठेवते काय व कोनी?"



थांबण्याचं अंतर सव्वीस मीटर चाळीस सेंटिमीटर. त्यातले शेवटचे दोन मीटर सोयाबीनच्या गंजीत.